एक टोक मोकळं

मानवतच्या जिनिंगमधून आलेला तुटका लाइन शाफ्ट
वाळूजच्या ऑफिसात माझ्या टेबलाखाली पडून आहे.
सरकीचा वास अजून गेलेला नाही त्याचा.
तुटल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेघा,
एकेका रेघेत कितीतरी पाळ्या मुरलेल्या,
आणि शेवटचा खडबडीत कोपरा
एका क्षणाचा.

स्क्रीनवर मी तोच शाफ्ट पुन्हा उभा करते.
पासष्टचा व्यास, पुलीपाशी साठ,
मधल्या खांद्याला जेमतेम दीड मिलिमीटरची गोलाई.
तिथं जाळी बारीक विणायची,
बाकी सैल, गोणपाटासारखी.

आधी भार.
पट्ट्याची ताणलेली बाजू, पट्ट्याची ढिली बाजू:
वजाबाकी केली की फिरवणारा जोर निघतो,
बेरीज केली की वाकवणारा.
ढिली बाजूसुद्धा ओढतच असते,
हे माझ्या लक्षात यायला नोकरीची तीन वर्षं गेली.
शिवाय पुलीचं वजन. शाफ्टचं स्वतःचं वजन.

मग आधार.
पहिल्या खेपेला काहीच धरलं नाही;
सॉल्व्हर लाल अक्षरांत थांबला,
वस्तू अवकाशात वाहून चालली आहे म्हणे.
दुसऱ्या खेपेला चिडून दोन्ही बेअरिंगं बांधून टाकली,
सहाच्या सहा वाटा बंद, दोन्हीकडं.
उत्तर आलं. निळंशार, शांत.
अशा शाफ्टला तुटायचं काही कारणच नव्हतं.

टेबलाखाली पायाला तुकडा लागला.

मुंजाजी फिटरला फोन लावला तेव्हा
मागं रेच्यांची घरघर चालू होती.
"ताई, बेअरिंग म्हंजी काय भिंत हाय का?
ते नुसतं उचलून धरतंय. वाकू नको म्हणत नाही.
अन् एका अंगाला सरकायला जागा ठिवावी लागती.
एप्रिलात इथं पत्र्याखाली
लोखंडाला हात लावू वाटत नाही,
लांबतंय ना ते.
जागा नाही घावली की पोटातून बाक काढतंय.
नव्या पोरानं दोन्हीकडच्या कॅपा ठोकून बसवल्या.
म्या म्हणलो व्हतो. माझं कोण ऐकायलंय."

मी काही बोलले नाही.
त्या नव्या पोरानं पान्यानं केलं
तेच मी माऊसनं केलं होतं.

तिसरी खेप.
डावं टोक: वर-खाली, आडवं, लांबीतही धरलं.
उजवं टोक: वर-खाली आणि आडवं, बस्स.
कलायची मुभा दोघांना.
फिरणं फक्त मोटरच्या कपलिंगपाशी रोखलं.
दोन्ही आधारांची बेरीज केली,
लावलेल्या भाराशी न्यूटनभरही फरक नाही.
आणि मधल्या खांद्यावर, त्या दीड मिलिमीटरात,
मघापेक्षा जवळजवळ दुपटीनं तांबडं.
खाली वाकून तुकड्यावर बोट ठेवलं.
तीच जागा.
चौथ्या खेपेला दोन्ही टोकं लांबीत अडवून
वर एप्रिलचं ऊन टाकलं.
तांबडं आणखी पसरलं.

रिपोर्टात गृहीतकांच्या रकान्यात लिहिलं:
उजवं टोक लांबीच्या दिशेनं मोकळं.
माहिती: मुंजाजी गायके, फिटर, मानवत.
साहेब म्हणाले, नाव कशाला, स्टँडर्डचा नंबर टाका.
नंबरही टाकला.
नाव राहू दिलं.

बाहेतीशेठनी रिपोर्टचं शेवटचं पान तेवढं वाचलं,
खांद्याची गोलाई चार करायला हो म्हणाले,
आणि फोन ठेवता ठेवता विचारलं,
"मॅडम, तो तुकडा ठेवून काय करता?
भंगारात किलोला पस्तीस मिळतात."