पान त्रेसष्ट

सोहारच्या कॅम्पात, खोली क्रमांक अकरा,
खालच्या खाटेच्या गादीखाली मला ते मिळालं.
मुखपृष्ठ गेलेलं, त्याच्याबरोबर लेखकही गेलेला,
सुरुवातच नवव्या पानापासून:
‘...आणि म्हणून रोज पहाटे पाचला उठा.’

मी एकटाच हसलो.
पाचला आमची बस फलजचा चौक ओलांडून जाते.
साडेतीनला नळापाशी रांग,
चारला डब्यात कालचा भात, आजची डाळ.
हिशोबानं पाहिलं तर आम्ही एकशेचाळीस माणसं
रोज दीड तासानं यशाच्या पुढे आहोत.

माझ्याआधी या खाटेवर याकूब खलफे झोपायचा.
हर्णैचा. परात बांधणाऱ्यांचा मुकादम.
त्याला मी पाहिलेलं नाही,
त्याची पेन्सिल मात्र ओळखतो.
जिथं छापलंय ‘स्वतःमध्ये गुंतवणूक करा’
तिथं समासात: एजंट एक लाख दहा.
मेडिकल साडेचार हजार.
रुकैयाच्या बांगड्या, अजून सोडवायच्या.
‘पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?’
याच्यापुढे: व्हिसा दोनच वर्षांचा, पुढचं कंपनीला विचारा.
आणि ‘चौकटीबाहेर पडा’ याच्या शेजारी
त्यानं पट्टी लावून एक चौकट काढलीय,
आत लिहिलंय अठ्ठेचाळीस डिग्री.

एका ठिकाणी मात्र थट्टा नाही.
‘नाही म्हणायला शिका.’
खाली तीन रेघा, कागद फाटेल इतक्या दाबून,
आणि जूनमधली एक तारीख.
त्या तारखेचं मला गोपाळन वेल्डरनं सांगितलं.
दुपारची सुट्टी. साडेबारा ते साडेतीन
उन्हात कुणाला उभं करायचं नाही असा कायदा.
साहेब म्हणाला, चार पोरं टाकीवर चढवा, जहाज थांबलंय.
खलफे काही बोलला नाही.
शिडीच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसला,
डबा उघडला,
कांदा बुक्कीनं फोडला आणि जेवला.
सावकाश. बोटं चाटून.
जेवणाऱ्या माणसाला ओलांडून वर जायला
चौघांतला एकही तयार होईना.
तीन दिवसांचा पगार कापला त्याचा.
डिसेंबरात नव्या यादीत नाव नव्हतं.

त्रेसष्टाव्या पानावर पेन्सिल थांबते,
वाक्याच्या मध्येच.
‘अपयश म्हणजे’ इथवर रेघ,
पुढे सगळं कोरं.
त्या कोऱ्यानं मला किती रात्री जागवलं.
कंटाळला असेल. खचला असेल.
खाटेवरून जाणाऱ्यांचं आणखी काय काय होतं
ते इथं कुणी मोठ्यानं बोलत नाही.

शेवटच्या पानावर एक नंबर होता, अंधूक.
शुक्रवारी दुपारी चारला लावला.
हर्णैला साडेपाच, बंदरावर लिलाव चाललेला,
कोळणींचा कल्ला, कुणीतरी पापलेटचा भाव पुकारत होतं.
‘खलफे?’
‘कोण?’
‘खोली अकरा. खालची खाट.’
थोडा वेळ नुसता समुद्र.
मग, ‘पंखा अजून कुरकुरतो का?’

मी भीत भीत विचारलं,
त्रेसष्टाव्या पानावर काय झालं होतं.
‘चष्मा मोडला, बाबा. काय होणार?
नवा घ्यायला रियाल नव्हते, मग राहिलंच.’
आणि लगेच, लहान पोरासारखा:
‘पुढे काय म्हणतो तो? अपयश म्हणजे काय?’

मी वाचून दाखवलं.
तो ऐकत राहिला. मागे भाव वाढत गेला.
‘एवढंच?’ म्हणाला. ‘बरं. वाच पुढं.’

चौसष्ट झालं, पासष्ट झालं,
बॅलन्स संपत आला तसा मी भराभर वाचू लागलो.
‘हळू,’ त्यानं दटावलं,
‘एक हात धरल्याशिवाय दुसरा सोडायचा नाय.’
मग फोन कट झाला.

पेन्सिल शोधली. खोलीत कुणाकडेच नव्हती.
नखानं रेघ ओढून ठेवली,
सहासष्ट, वरून चौथी ओळ.
दिव्याखाली तिरकं धरलं तरच दिसते.