दोन शेपट्यांची फाइल

डंडीत, तागाच्या जुन्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर
माझं टेबल. खिडकीतून टे नदी दिसते,
म्हणजे धुकं नसेल तेव्हा.
काम असं, की सर्व्हरसोबत जी पुस्तिका जाते
तिचं सतरावं पान पुन्हा लिहायचं.
आधीच्या माणसानं लिहून ठेवलं होतं,
'फाइलचा प्रकार आणि फाइलचं एन्कोडिंग
या दोन वेगळ्या गोष्टी आहेत',
आणि नोकरी सोडली होती.

सकाळपासून एकच उदाहरण घेऊन बसले होते:
दरपत्रक डॉट एचटीएमएल डॉट जीझेड.
एक शेपटी सांगते, मी कोण.
दुसरी सांगते, मला कसं दाबून आणलंय.
दुसरीची दवंडी सर्व्हरनं पिटलीच नाही
तर ब्राउझर पहिलीवर भरवसा ठेवतो,
गाठोड्यालाच मजकूर समजून वाचू लागतो,
आणि पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं,
कुठलेसे उपरे स्वर.
खोटं कुणीच बोललेलं नसतं.

हे चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं.

त्याच दिवशी बार्शीहून वन्संचं पार्सल आलं.
कस्टम्सच्या कागदावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात
फक्त 'खाण्याचे पदार्थ'.
डबा पॅन्ट्रीत ठेवला, वर चिठ्ठी चिकटवली,
'घ्या, घरचं आहे',
आणि मीटिंगला गेले.

परत येते तो आर्ची मिल्न गाल धरून बसलेला.
एकसष्टीचा माणूस, समोर कुरडई,
कच्ची, एक कड तुटलेली.
'चव आहे,' तो सभ्यपणे म्हणाला,
'तुमच्याकडे सगळ्यांचेच दात इतके चांगले असतात?'

हसले, आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं.
तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून,
शिजवून, सोऱ्यानं घालून, गच्चीवर
उन्हाला पाणी देऊन टाकलेली ती.
आकार तेवढा राखलेला,
वजन पोस्टाला परवडेल इतकं.
खाण्याचा पदार्थ आहे, हे खरंच.
पण तेल लागतं. कढत.
ते चिठ्ठीत नव्हतं,
कारण बार्शीत ते कुणी कुणाला सांगत नाही.

संध्याकाळी त्याला पर्थ रोडवर माझ्या घरी नेलं.
कुरडई तेलात सोडली. क्षणभर काहीच नाही.
मग तळातून उठली, पांढरी, चौपट,
कढईच्या काठावरून बाहेर वाकून बघत.
आर्ची मागे सरकला.
स्मोक अलार्मनं बोंब ठोकली.

डाव्या दाढेनं, जपून, खाता खाता तो म्हणाला,
आई याच गिरणीत मागावर होती.
त्या खडखडाटात बाया नुसत्या ओठांनी बोलायच्या,
अवघी पाळी, आवाजाशिवाय.
घरी आली तरी तसंच विचारायची, जेवलास का.
आम्हाला कळायचं.
शाळेतल्या बाईंना वाटायचं, मिसेस मिल्न घुम्या आहेत.

मी गॅस बंद केला. अजून एक त्याच्या ताटलीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सतरावं पान झालं:
प्रकार सांगा. एन्कोडिंगही सांगा.
समोरच्याला ठाऊक असेल असं धरून चालू नका.
आणि मागणाऱ्यानंही आधीच कळवावं
आपल्याकडे कढई आहे की नाही.
(शेवटची ओळ संपादकांनी काढली.)

डब्यावर नवी चिठ्ठी लावली:
कुरडया. तळून खाव्यात.
दुपारी तिच्याखाली आर्चीचं तिरकं अक्षर:
'कुठल्या तेलात?
आणि गुरुवारी मी नाही, डेंटिस्टकडे आहे.'