उसनी रात्र

काडेपेटीत सात बिया होत्या.
ओयवाने गाऊनच्या खिशातून काढल्या, पहाटे साडेचारला,
मी त्याचा रक्तदाब मोजत असताना.
"साइमीच्या आहेत. टोकरल्याशिवाय उगवत नाहीत.
तीही तशीच होती."

बाहेर मार्च, उणे अठरा.
केमीच्या बंदरात समुद्र अजून
सायकल चालवण्याइतका टणक.
वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून घरी आले
आणि नखांच्या कानशीने एकेकीची पाठ घासली,
काळ्या सालीखाली पांढुरकं दिसेपर्यंत.
उंदराच्या वाट्याला आलेल्या
संत्र्याच्या फोडीएवढी एकेक.
मग बशीत, कोमट पाण्यात, रात्रभर.
रात्रभर म्हणजे माझा दिवसभर.
मी झोपले, त्या फुगल्या.

दोन कुजल्या. एक आलीच नाही.
चौघी दह्याच्या डब्यांतून, रेडिएटरच्या उबेवर,
आधी पाठ, मग डोकं, अशा वर आल्या,
घट्ट गळ्याच्या स्वेटरमधून सुटणाऱ्या पोरांसारख्या.
एकीच्या डोक्यावर टरफल तीन दिवस तसंच.
बोटाला थुंकी लावून सोडवलं.
ओयवाला हे सांगितलं नाही.

आमच्याकडे हिला एलामॅनलांका म्हणतात,
आयुष्याचा दोरा.
"माझा बळकट आहे," ओयवा म्हणतो,
"एक्क्याण्णव वर्षं, दोन ऑपरेशनं
आणि साइमीचा स्वयंपाक."

मे महिन्यात एक वेल पडद्याच्या दोरीला लागली,
मग दिव्याच्या वायरीला,
मग टेबलावर विसरलेल्या माझ्या चष्म्याला.
नेहमी एकाच अंगाने वळते.
मी हट्टाने उलटी गुंडाळून गेले,
परतले तर शेंडा
आपल्या वाटेने पुन्हा निघालेला.

जून गेला. पानंच पानं, बदामाएवढी, हातभर, खिडकीभर.
कळी एक नाही.
शेजारची हिल्क्का म्हणाली, खत जास्त झालं.
मी खत बंद केलं. पानं आणखी वाढली.

जुलैत ओयवा वैतागला.
"अगं, रात्री अकराला उन्हात भांडी वाळतात इथे.
तिला कळणार कसं सकाळ झाली ते?"
"साइमी काय करायची?"
"पाच वाजता कुंडी कडेवर घेऊन तळघरात.
सकाळी परत वर. उन्हाळाभर.
गुडघे त्यातच गेले तिचे.
मी मदत करायला हवी होती," म्हणाला,
आणि गोळी गिळायला पाणी मागितलं.

माझ्याकडे तळघर नाही, तिसरा मजला.
एक जाड काळा पडदा आहे,
ज्याच्या जिवावर मी अकरा उन्हाळे दिवसा झोपले.
तो काढला,
चारही वेलींभोवती तंबूसारखा उभा केला,
पाच वाजता झाकायचा, घरी आल्यावर उघडायचा,
आणि मी डोळ्यांवर लोकरीचा मोजा टाकून
पांढऱ्या खोलीत पडून राहायचे.
मोजा टोचतो.
टाचेच्या भोकातून सूर्य बरोबर डाव्या डोळ्यात येतो.

तीन ऑगस्ट. सव्वाआठला पडदा उचलला.
एक. निळं.
कुठलं निळं म्हणून विचाराल तर
मी बर्फ फोडणाऱ्या जहाजावर चार वर्षं स्वयंपाक केलाय,
निळ्याचे पुष्कळ प्रकार पाहिलेत,
त्यांतलं नाही.
मधे पिवळसर उजेड,
तळाशी कुणी मेणबत्ती धरून बसल्यासारखा.
बूट न काढता तशीच बसले.
दुपारी बारानंतर कडा आत वळल्या,
ओल्या टिश्यू पेपरसारखं स्वतःत गोळा झालं.
मग मीही झोपले, मोजा न घेता.

रात्री ओयवाला फोटो दाखवला.
फोन लांब धरला, जवळ धरला.
"साइमीची जांभळी होती. ही कुणाची कोण जाणे."
मी काही बोलले नाही.
"उद्या किती?"
"दोन कळ्या आहेत."
"झाकल्यास ना?"
"झाकल्या."
काडेपेटी परत हवी म्हणाला, बियांसाठी.
मग म्हणाला, माझाही पडदा ओढ.
ओढला.
साडेदहा वाजले होते,
बाहेर अजून उजेड.