इतिवृत्त

बैठक अकराची. सुरू झाली पावणेएकला.
तोवर बशीतली बिस्किटं मऊ पडली,
आणि खडकवासल्याचं पाणी
बोटाच्या पेराइतकं तरी खाली गेलं असेल.

मी इतिवृत्त लिहिणारी.
दुसरा मजला, खिडकीत एक पिंपळ आणि त्यामागे पार्किंग.
एकवीस वर्षांत तलाव मी दोनदा पाहिला,
एकदा सहलीला, एकदा कणीस खायला.
एरवी तो माझ्याकडे येतो दशांशातून,
शून्य पूर्णांक नव्वद, एक पूर्णांक चाळीस,
आणि टिंब चुकलं तर
अख्खा एक तालुका कोरडा राहील
अशी भीती मला अजून वाटते.

महापालिकेचे साहेब म्हणाले, शहर वाढलंय.
(शहर नेहमी आपोआपच वाढलेलं असतं.
ते कुणी वाढवलं, हे आजवर मला लिहावं लागलेलं नाही.)
पाटबंधारेवाले म्हणाले, मंजूर कोटा बघा.
कोट्याचा कागद शोधण्यात वीस मिनिटं गेली.

मग कालिंदी वाबळे उठल्या,
कालव्याच्या शेपटाकडच्या, पाणीवापर संस्थेच्या.
पहाटेच्या एसटीने आलेल्या, मांडीवर कापडी पिशवी.
म्हणाल्या, साहेब, आवर्तन सुटलं की
आमच्यापर्यंत आधी तुमच्या चपला येतात.
मग नारळ, मग थर्माकोल. एकदा हेल्मेट आलं, चांगलं नवं.
पाणी सगळ्यात शेवटी येतं,
आणि तेही गुडघ्याला लागत नाही.
पिशवीतून त्यांनी एक चप्पल काढली
आणि बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवली.

कुणीच हसलं नाही. पंखा तेवढा फिरत राहिला.
मी लिहिलं:
'सदस्यांनी पाण्याच्या गुणवत्तेबाबत मत मांडले.'

तक्त्यात शेवटून दुसरा रकाना असतो, बाष्पीभवन.
ते कधी अर्ज करत नाही, बैठकीला येत नाही,
भत्ता मागत नाही. आपलं आपण घेऊन जातं.
त्याच्या आकड्यावर मात्र
सगळ्या पक्षांचं नेहमी एकमत होतं.

तीनच्या सुमाराला दारात पायगुडे उभे.
निवृत्ती पायगुडे. नावातच निवृत्ती,
पण रिकाम्या पदावर अजून तेच पातळी वाचतात.
हातात पट्टीची वही, कडा पाण्याने फुगलेल्या.
म्हणाले, सांगायचं राहिलं होतं,
पट्टीवरचा तो आकडा उन्हानं पुसला होता,
नऊ आहे का एक, कळत नव्हतं.
गेल्या मार्चपासून मी नऊच धरतोय.

साहेबांचा चहाचा कप तसाच हवेत राहिला.
मागची तीन आवर्तनं, दोन निवेदनं, एक मोर्चा,
सगळं त्या नऊवर उभं होतं.

मग आता? कुणीतरी विचारलं.
आता रंगवलाय, पायगुडे म्हणाले,
लेकीच्या दाराचा निळा ऑइलपेंट उरला होता.
जरा तिरका आलाय. होडी हलत होती.

मी लिहिलं:
'मोजपट्टीच्या देखभालीचा विषय पुढील बैठकीत घ्यावा.'
आणि खाली, सर्वानुमते.

संध्याकाळी धायरीत उतरले
तेव्हा गल्लीच्या तोंडाशी टँकर होता,
धरणापासून रिक्षाने वीस मिनिटांवर.
पोरानं पाइप खांद्यावर घेत विचारलं, किती?
दोन पिंपं, मी म्हणाले.
त्याने कुठेही लिहिलं नाही.

रात्री भांडी घासताना आठवलं,
गेल्या दिवाळीत कालव्याच्या पुलावर
माझीही एक चप्पल पाण्यात पडली होती,
डाव्या पायाची, पट्टा शिवलेला.
टेबलावरची ती नीट बघायला हवी होती.
वाबळेबाईंनी जाताना ती परत पिशवीत घातली,
वर्तमानपत्रात गुंडाळून,
कुणाची तरी असेल म्हणून.