दुसरी खिडकी

वर्धा रोडवर, मेट्रोच्या खांबाखाली गाडी लावून
मी बर्गर खाते. बुधवारी. कधी शुक्रवारीही.
काचा वर, दिवा बंद.
मांडीवर बारावी गृहविज्ञानाच्या उत्तरपत्रिका,
वरच्याच पानावर कुणीतरी निळ्या शाईत लिहिलंय,
"जंक फूडचे दुष्परिणाम पुढीलप्रमाणे आहेत."
पाचपैकी साडेतीन दिले मी तिला.
त्या साडेतीनवर आता मेयोनीजचा डाग आहे.

कोष्ट्याच्या पोरीनं चोरून खायचं तर सावजी खावं,
घाम फुटतो, नाक वाहतं,
प्रायश्चित्त तिथल्या तिथे होऊन जातं.
यात तसं काही होत नाही.
हे नुसतं मऊ आहे.

रघुजीनगरच्या क्वार्टरात टीव्ही फक्त ढोबळ्यांकडे,
लाकडी शटरचा, चार पायांचा, वर क्रोशाचा रुमाल,
रुमालावर प्लास्टिकचा पोपट.
मे महिन्यात कूलरच्या वाळ्याचा ओला वास
आणि फरशीवर आम्ही अकरा पोरं.
ढोबळेकाकू मागे बसून चिंच फोडत.
सिनेमा लागला की आम्ही चुळबुळायचो,
जाहिराती लागल्या की गप्प.
खेळ असा, की पहिला सूर वाजला की नाव ओरडायचं.
माझा भाऊ हेमराज सुराच्याही आधी ओरडायचा,
पडद्यावरच्या मुंग्या नुसत्या हलल्या तरी त्याला कळे
आता दात येणार, की केस, की पंखा.

नूडल्सची आई मला सगळ्यांत आवडायची.
हसत यायची, हातात वाफाळता वाडगा, पदर कोरडा.
माझी आई एकदाच आली बघायला,
चौकटीला टेकून उभी राहिली, म्हणाली,
"इच्या सैपाकघरात फडकं कुठं हाय वो?"
आणि गेली. मसाला वाटून काळी पडलेली तिची बोटं
चौकटीवर थोडा वास ठेवून गेली.

पुढे हेमराजनं रद्दी विकली आणि एक पुडा आणला.
आई लग्नाला गेलेली. आम्ही शिजवला,
फिका लागला, म्हणून वर कालचा रस्सा ओतला.
तसली चव पुन्हा कुठे मिळाली नाही,
मिळू नये अशीच होती.
रात्री भांडं घासायच्या आधी
आईनं तळाला चिकटलेलं बोटानं निपटून चाटलं.
मी पाहिलं.
मी पाहिलं, हे तिनंही पाहिलं.
मग तिनं राख घेतली आणि घासायला बसली.

परवा दुसऱ्या खिडकीत पिशवी द्यायला जो हात आला
त्याच्या मागून आवाज आला, "निनावे मॅडम? तुमी?"
सुजित. तीन वर्षांपूर्वीची बॅच.
संतुलित आहाराचा तक्ता यानंच रंगवला होता,
अजून प्रयोगशाळेत लटकतोय, गाजर गुलाबी.
मी म्हटलं, मुलासाठी नेतेय.
मला मूल नाही, हे त्याला माहीत आहे.
तो पिशवीत सॉसच्या चार पुड्या जास्तीच्या टाकत म्हणाला,
"कोणाले सांगत नाही मी."
मागची गाडी हॉर्न वाजवून राहिली होती.

फोन थरथरतो. हेमराज. हल्ली तो भिलाईला असतो,
रात्री झोप येत नाही त्याला,
कुठून कुठून जुन्या जाहिराती शोधतो,
आवाज काढून टाकतो आणि पाठवतो. खाली एकच शब्द: ओळख.
वीस सेकंद. पाऊस पडल्यासारखा पडदा,
मधूनच एक पोरगा सायकलवरून येतो.
मला येतं उत्तर. झोपेतही येईल.
तेलकट बोटानं मी मुद्दाम चुकीचं नाव लिहिते,
म्हणजे तो चिडेल,
चिडला की फोन करतोच.

"बावळट, तो बूटपॉलिशवाला होय!
आणि तोंडात काय आहे तुझ्या? काय खाऊन राहिली?"

काही नाही, मी म्हणते. घास गालात सरकवून.
काही नाही रे. बोल.