हातचा

त्र्याण्णवातून सात जात नाहीत,
हातचा घ्यावा लागतो,
आणि इसोबेल क्रुकशँक तो हातचा घेऊन
बसून राहते, टे नदीच्या ओहोटीकडे बघत.
मी घड्याळाकडे बघत नाही. नियम आहे तसा.

मग पाच शब्द : लोणी, पूल, शिट्टी, पायरी, तिकीट.
दहा मिनिटांनी परत विचारते.
ती म्हणते, "आत्ता तूच म्हणालीस की गं, तुला नाही आठवत?"
आणि माझी खरोखर कीव येऊन
माझ्या हातावर थोपटते.

माझं पद मार्चअखेरपर्यंत.
पीएचडीनंतर दोन वर्षं, तीन शहरं,
खोल्या बदलताना एक कढई तेवढी टिकली.
आई आर्ब्रोथला मासे धुरावर टांगते,
रविवारी फोनवर विचारते, "नोकरी पक्की झाली का?"
दर रविवारी. तिला विसरण्याचा आजार नाही,
हीच काय ती अडचण.

पहाटे तीनला उणे ऐंशीचा फ्रीजर बोंबलतो
आणि बोलावण्याच्या यादीत माझं नाव पहिलं,
कारण मी जवळ राहते, आणि कारण मी नवी आहे.
कोटाखाली पायजमा, सायकल, निसरडा चढ.
दाराच्या रबरात बर्फ साचलेलं, एवढंच.
टॉवेलनं पुसते. आत चारशे बारा माणसं
लहान लहान डब्यांत, नावाऐवजी आकडे.
दार मी हळूच लावते. का, ते सांगता येणार नाही.

नोव्हेंबरातल्या भेटीत इसोबेलनं उत्तरच दिलं नाही.
स्वतःची कॉलर धरली, दोनदा ओढली,
माझ्या खांद्यामागं बघत.
पुन्हा. मग चिडून, पुन्हा.
फॉर्मवर याला रकाना नाही.
शून्य लिहिलं, आणि समासात पेन्सिलीनं : कॉलर, दोनदा.

चहाच्या खोलीत नॅन डथी हसली.
"अगं, मुकादम येतोय!
तागाच्या गिरणीत मागांच्या धडधडीत
कुणाला कुणाचं ऐकू यायचं?
ओठ वाचायचो, बोटांनी बोलायचो.
काम करतेयस असं दाखव, म्हणाली ती तुला."

नवऱ्याचं नाव गेलं, वार गेले,
चमचा कशाला असतो ते गेलं,
आणि साठ वर्षांनी तिनं मला
आपल्या शेजारच्या मागावर उभं केलं होतं.

समासातलं तक्त्यात चढत नाही.
प्राध्यापक बाल्फोर माणूस चांगला,
म्हणाला, "सुंदर आहे. पण एक म्हणजे काहीच नाही, मॉर्व्हन.
निदान चाळीस आण."
चाळीस कुठून आणू? गिरण्यांत आता फ्लॅट झालेत.

अनुदानाचं पत्र आलं. परीक्षक क्रमांक दोन :
कळकळ जाणवते, नावीन्य जाणवत नाही.
घडी करून गरम कढईखाली ठेवलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला इसोबेल गेली. मेंदू देण्याची सही
तिनं आधीच करून ठेवलेली,
ठसठशीत; तेव्हा अक्षर होतं.
मी काप बघते, सहा मायक्रॉनचे, तपकिरी रंगवलेले.
कुणाचे ते मला कळू नये अशीच व्यवस्था आहे.
कानाच्या आतल्या बाजूला गुंतेच गुंते.
हात हलवणाऱ्या पट्टीत मात्र कमी.
हे नवीन नाही, पुस्तकात आहे.
तरी ती पट्टी भिंगाखाली आली
की माझी मोजणी चुकते, पहिल्यापासून मोजावं लागतं.

शेजारी झुझाना, स्लोव्हाकियाची, पहिल्याच वर्षाची;
तिच्या पडद्यावर आतापासून नोकऱ्यांच्या जाहिराती.
बाल्फोरची पावलं जिन्यात वाजली
की मी कॉलर धरते, दोनदा ओढते.
ती खिडकी मिटते,
गंभीर चेहऱ्यानं पेशी मोजू लागते.

एकतीस तारखेला अजून नऊ दिवस.
आज मोजदाद केली : नॅन, मी, झुझाना.
चाळीसला सदतीस कमी.