उत्तरेची भिंत

मखमलाबादहून कुलथे मॅडमचा फोन:
"फरशी परत गार. रोज रात्री हेच."
गेलो. पंप ठणठणीत,
पाणी मात्र सव्वीसवर रेंगाळलेलं.

त्याचा हिशेब सरळ असतो:
बाहेर गारठा वाढला की फरशीखालचं पाणी तापवायचं,
बाहेर ऊब आली की हात आखडता.
आत कोण कुडकुडतंय ते तो विचारत नाही.

मागे गेलो.
भिंतीवर सेन्सर, बरोबर खाली शेकोटी,
द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या तडतडत होत्या.
वॉचमन गांगुर्डे उठून उभा राहिला.
"पारा सहावर, साहेब. इथंच काय तो आडोसा."

दोन भोकं पाडून
सेन्सर पलीकडच्या कोपऱ्यात नेला.
शेकोटी राहू दिली.

मॅडमना सांगितलं, फरशी सावकाश ऐकते,
सकाळ होईल.
मग गांगुर्डेशेजारी बसलो,
बोटं सुटेपर्यंत.